पट्टीखालचे ठिपके

“म्याडम, हे काय तीळ सांडल्यावानी करून आणलंत?”

सरांनी हे विचारलं तेव्हा कागद त्यांच्या हातात उलटा होता. अक्षरं डोक्यावर उभी होती, पण त्यानं त्यांचं काही अडलं नव्हतं. मी टेबलावरून हात लांब करून कागद सुलटा केला. त्यांनी परत बघितलं.

“तरी तीळच,” ते म्हणाले.

नांदेडमधल्या एका संस्थेच्या दवाखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. संस्था म्हणजे एक दवाखाना, एक नर्सिंग कॉलेज आणि एक अध्यक्ष. सर हे दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर. नर्सिंगच्या मुलींनी कोणत्या वॉर्डात कधी जायचं, तेही त्यांच्याच सहीनं ठरतं. त्यांची सही मोठी आहे आणि ती करताना ते खाली काय लिहिलंय ते बघत नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या कामाची ती एक सोय आहे, आणि पुढं ती मला उपयोगी पडली.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना डायलिसिसच्या वॉर्डात पाठवतात. तिथं दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळायच्या, सुया लावायच्या आणि काढायच्या. म्हणून आधी त्यांना हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस देतात. लस दिली म्हणजे काम झालं असं नसतं. जेवण सगळ्यांना सारखं वाढलं तरी सगळ्यांच्या अंगी लागत नाही, तसंच हे. म्हणून डोस संपल्यावर रक्त घेऊन प्रतिद्रव्यं तयार झाली का ते बघायचं. ते माझं काम. प्लेटच्या खळग्यांमध्ये प्रत्येकीचं सीरम, म्हणजे रक्तावर सुटणारं पाणी, घालायचं, धुवायचं, रसायनं घालायची. मग पिवळा रंग येतो. जितका गडद रंग, तितकी प्रतिद्रव्यं जास्त. मशीन रंग मोजतं, त्यावरून आकडा काढायचा. दहा किंवा त्याच्या वर आकडा असेल तर मुलगी सुरक्षित. दहाच्या खाली असेल तर लस टोचली खरी, पण लागू पडली नाही. ही दहाची रेषा जगभर मानलेली आहे, मी नांदेडात बसून काढलेली नाही.

या तपासणीत एक गोष्ट नेहमी होते. काही जणींच्या रक्तात इतकी प्रतिद्रव्यं निघतात की मशीनची मोजपट्टी संपते आणि सीरम पातळ करून परत लावावं लागतं. काही जणींचा आकडा दोन-तीनवरच बसलेला असतो. म्हणजे एकीकडं हजार, दुसरीकडं दोन. हे सगळं एका चित्रात दाखवायचं तर प्रत्येक मुलीचा एक ठिपका काढायचा. मोजपट्टी एक, दहा, शंभर, हजार अशा पायऱ्यांची ठेवायची, म्हणजे हजारवाल्या मुली वर मावतात आणि खालच्या चिरडल्या जात नाहीत. दहावर एक लाल रेष मारायची. झालं. बघणाऱ्याला कळायला पाहिजे ते एका नजरेत कळतं. कुणाच्या नावाचा त्यात संबंध नाही, त्यामुळं कुणाची बदनामी नाही.

सरांना ते नको होतं. लातूरला आमच्यासारख्या संस्थांचा एक मेळावा होता आणि आमचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते. सरांनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं की आपली तिसऱ्या वर्षाची बॅच शंभर टक्के सुरक्षित आहे. खरं तर शंभर टक्के मुलींना लस दिली होती. दिली आणि लागली यातला फरक सरांना कळत नाही असं नाही. त्या दिवशी तो कळून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

पहिल्यांदा ते म्हणाले, “पाय चार्ट करा. केक कापल्यावानी दिसतो, लोकांना आवडतो.”

“शंभर टक्क्यांचा पाय चार्ट म्हणजे नुसती गोल भाकर होईल, सर. कापणार काय?”

मग त्यांना खांब पाहिजे झाले. दर बॅचचा एक खांब, सरासरी आकड्याइतका उंच, मागं सावली, वर चकाकी. त्यांच्या केबिनमधल्या पोराकडून त्यांनी ते करूनही घेतले. खांब बघितले तर आमची बॅच म्हणजे किल्ला. चार-सहा जणींच्या हजार-हजारच्या आकड्यांनी सरासरी इतकी वर नेली होती की खालच्या मुली कुठं आहेत हे शोधूनही सापडलं नसतं. त्यात पोरानं कॉम्प्युटरला विचारून खांबांना काठ्याही लावल्या होत्या. आकडे किती इकडंतिकडं पसरलेत ते दाखवणाऱ्या काठ्या, खांबाच्या टोकापासून एक वर, एक खाली. आकडे इतके पसरलेले होते की खालची काठी शून्याच्या खाली, पार जमिनीत गेली.

“सर, हे बघा. शून्यापेक्षा कमी प्रतिद्रव्यं. म्हणजे मुलीच्या रक्तात नाहीत, वरून ती कुणाची तरी देणं लागते.”

सरांनी चष्मा वर केला. “खालची काठी काढून टाका. वरची ठिवा. वरची छान दिसायलीय, टोपीवरल्या तुऱ्यावानी.”

आणि खालची काठी काढली गेली. चूक दाखवली की चूक झाकायची, ही आमच्याकडची दुरुस्ती.

मला सगळ्यात राग याचा आला की हेच सर महिनाभर आधी सरासरीच्या नावानं शंख करत होते. त्यांची कंधारकडं शेती आहे. महसूल मंडळात पाऊस मोजायचं यंत्र एका गावात असतं आणि त्याच आकड्यावर सगळ्या मंडळाचा पाऊस ठरतो. यांच्या गावात सोयाबीन वाहून गेलं, यंत्राच्या गावात पाऊस बेताचाच, म्हणून सरकारच्या हिशेबात मंडळात सगळं ठीक. तेव्हा सर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून येईल त्याला सांगायचे, “माझं रान पाण्यात हाय आन कागदावर सरासरी पाऊस! ह्यांच्या सरासरीनं माझ्या रानातलं पाणी उतरनार हाय का?”

मी त्यांना त्याची आठवण करून दिली. म्हणाले, “ते येगळं. ती शेती हाय.”

खरं म्हणजे तिथंच मी विषय सोडला असता. माणसानं आपला अहवाल द्यावा, आणि पुढं कुणी तो गुंडाळून ठेवला तर त्याची जबाबदारी त्याची, असं मी मानते. पण त्या दिवशी दुपारी एक मुलगी प्रयोगशाळेत आली. तिसऱ्या वर्षाची, किनवटच्या पुढच्या जंगलपट्टीतल्या गावची, आश्रमशाळेत शिकून इथवर आलेली. आत यायच्या आधी तिनं चप्पल बाहेर काढली. प्रयोगशाळेत चप्पल काढायची नसते, काचा असतात, हे तीन वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“चप्पल घाल आधी,” मी म्हणाले.

“हाव म्याडम.” घालून आली. “म्याडम, आमचे रिपोर्ट कुठं भेटतात? ऑफिसात विचारलं तं म्हणतात, बोर्ड बघ. बोर्डावर लिहून राहिले, तृतीय वर्ष, सुरक्षित. माझं एकटीचं कुठं लिहिलेलं नाही.”

नसणारच. आमच्याकडं सगळं बॅचनं होतं. बॅचचा फोटो, बॅचचा गणवेश, बॅचचा निकाल. मग प्रतिकारशक्तीही बॅचची. शाळेचा निकाल चांगला लागला म्हणजे नापास झालेलं पोरगंही पास झालं, असं कुणी म्हणत नाही. पण इथं तेच चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

टेबलावर माझा ठिपक्यांचा कागद पडला होता. तिनं तो बघितला. तिनं मात्र सुलटा बघितला.

“ह्याच्यात माझा ठिपका कोणता?”

तिचा नंबर विचारला, यादीत बघितलं आणि बोट ठेवलं. लाल रेषेच्या बऱ्याच खाली.

“म्हंजे मी नापास?”

“लस लागू पडली नाही, एवढंच. परत डोस घ्यायचा, महिना-दीड महिन्यानं परत रक्त तपासायचं. तोवर डायलिसिसला जायचं नाही.”

“पण सोमवारपासून तं ड्युटी लावून दिली ना सरांनी. नाही गेले तं तास नाही भरत. तास नाही भरले तं परीक्षेला नाही बसू देत.” मग म्हणाली, “आमच्या सिनियर ताईला मागच्या साली सुई टोचली होती तिथं. तिचे रिपोर्ट चांगले होते म्हणून वाचली म्हणतात. मला टोचली तं?”

या ‘तं’चं उत्तर सरांच्या सहीत होतं. परत डोस कुठंही मिळाला असता, पण ड्युटी पुढं ढकलायचा अधिकार एकट्या सरांना. तिला परत पाठवलं आणि मी सरांकडं गेले. रेषेखालच्या मुलींचे आकडे समोर ठेवले.

“सरासरी बगा ना, म्याडम,” ते म्हणाले. “चार पोरींपायी बॅचचं नाव खराब करता का? आन मी अध्यक्षसाहेबांना काय सांगू? मेळावा होऊ द्या, मग बगू.”

मेळावा रविवारी, ड्युटी सोमवारी. मग बगू म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. मी दुसरंच विचारलं. “फ्लेक्सवर काय टाकायचं ठरलंय?”

“फ्लेक्सवर?” त्यांनी विचार केला. “माझे खांब तर मी भाषणात पडद्यावर दाखवनार. फ्लेक्सवर जागा हाय बगा मोकळी. टाका तुमचं ते तिळाचं. जागा भरती.”

फ्लेक्सवर काय असतं याकडं कुणी बघत नाही, फोटो सोडून. हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही.

फ्लेक्स लातूरला छापायचा होता, कारण तिथला दुकानदार कुणा संचालकांच्या नात्यातला. शनिवारी मी बसनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासेसची होर्डिंगं सुरू होतात. गुण, टक्के, हसरी पोरं आणि खांबांचे आलेख. ते आलेख मी दर वेळी बघते, कारण फुकटात इतकी करमणूक दुसरीकडं मिळत नाही. एका क्लासचा खांब आकाशाला टेकलेला, शेजारच्या क्लासचा गुडघ्याएवढा. नीट बघावं तर मोजपट्टी नव्वदपासून सुरू झालेली. फरक एका टक्क्याचा, चित्र मात्र राजवाडा आणि झोपडीचं. त्या होर्डिंगखाली आईबाप फीचं बोलत उभे असतात. चांगली शिकलेली माणसं असतात.

फ्लेक्सच्या दुकानात मालक स्वतः कॉम्प्युटरवर बसला होता. तोंडात पान, नजर पडद्यावर. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं एकाच साच्यात बसवणारा माणूस. आमचा फ्लेक्सही त्यानं बसवून ठेवला होता. वर डावीउजवीकडं देव आणि मोठे नेते. उजव्या बाजूला आमचे अध्यक्ष, उभे, हात जोडलेले, माणसाच्या उंचीचे. मध्ये माझा आलेख. आणि तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, संचालक मंडळाच्या गोल फोटोंची पट्टी. खाली ‘शुभेच्छुक’.

मी आलेख बघितला. छान, सगळे ठिपके वर. लाल रेष कुठं दिसेना.

“रेष कुठं गेली?”

“कोनची रेष?”

“लाल. आणि तिच्या खालचे ठिपके?”

त्यानं माऊसनं पट्टी जरा बाजूला सारली. लाल रेष आणि तिच्याखालच्या सगळ्या मुली संचालक मंडळाच्या मागं होत्या. किनवटची मुलगी खजिनदारांच्या फोटोआड.

“पट्टी येतीच ना म्याडम खाली,” तो म्हणाला. “थोडे ठिपके झाकले तं काय झालं? वरचे हायत की मोप.”

“खालचेच महत्त्वाचे आहेत.”

त्यानं माझ्याकडं मान वळवून बघितलं. त्याच्या धंद्यात खालचं कधीच महत्त्वाचं नसतं. “पट्टी काडू म्हंता? मग माझा फोन सुरू होतो बगा. एकेका शुभेच्छुकाचा.”

“पट्टी राहू द्या. आलेख वर सरकवा.”

“वर मान्यवर हायत.”

“मग बारीक करा.”

“बारीक केला तं तुमचे ते ठिपके मुंग्या होत्यात. दिसनार न्हाईत.”

या बाबतीत त्याचं बरोबर होतं. मी पडद्यापुढं उभी राहून त्याचा साचा नीट बघितला. वर मान्यवर, खाली शुभेच्छुक, उजवीकडं अध्यक्ष. डावीकडं गुलाबाची फुलं.

“इथं डावीकडं काय येतं?”

“काय न्हाई. तिथं कुनी ऱ्हात न्हाई. म्हनून फुलं टाकतो.”

“फुलं काढा आणि आलेख आडवा करा.”

“आडवा?”

“हो. आडवा पाडा.”

आकडे वरखाली मांडायची सवय असते, कायदा नसतो. आलेख आडवा केला की मोजपट्टी जमिनीशी समांतर जाते: डावीकडं एक, मग दहा, शंभर, आणि हजारवाल्या मुली उजवीकडं, अध्यक्षांच्या कोपराजवळ. दहाची रेष आता उभी. तिच्या डाव्या हाताला, गुलाबांच्या जागी, रेषेखालच्या सगळ्या मुली, मोकळ्या रानात उभ्या केल्यासारख्या. तळाची पट्टी आली तरी कुणी झाकलं जात नव्हतं. त्यांचे ठिपके मी लाल करून घेतले आणि वर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं: ‘या विद्यार्थिनींना लस लागू झालेली नाही.’

मालकानं अक्षरांना पिवळी कड दिली. मी मागितली नव्हती. सवयीनं दिली. चांगली उठून दिसली.

मंजुरीसाठी त्यानं ते सरांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलं. सरांचा लगेच फोन. मला वाटलं, आता पकडलं. पण सर मालकाला म्हणत होते की उपाध्यक्षांचा फोटो सचिवांच्या आधी घे आणि माझ्या नावापुढची दुसरी डिग्री कुठं गेली. ते झाल्यावर परत पाठवलं. अंगठा आला. छापून टाका.

वाचायला पाठवलं होतं, वाचलं नाही. याला फसवणूक म्हणत असतील तर म्हणोत.

रविवारी हॉलमध्ये सरांनी खांब दाखवले. वर तुरे, खाली काही नाही. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून एकानं माईक नीट लावा म्हणून सांगितलं, तेवढाच प्रश्न. समोर बसलेल्यांत निम्मे डॉक्टर होते. सरासरी दाखवली, पण खाली किती जणी राहिल्या, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी बोलू शकले असते. पण भाषण सुरू असताना प्रयोगशाळेची बाई उठून बोलली तर लोक बाईकडं बघतात, मुद्द्याकडं नाही. मग सत्कार. अध्यक्ष फ्लेक्सपुढं फोटोला उभे राहिले, आपल्या फोटोच्या बाजूला, उजवीकडं, कारण तिथं त्यांना बरं वाटतं. सर त्यांना चिकटून. डावी बाजू मोकळीच राहिली.

सोमवारी सकाळी स्थानिक पेपरात तो फोटो आला. उजवीकडं अध्यक्ष दोनदा, एकदा हाडामांसाचे, एकदा छापील; आणि डावीकडं पिवळ्या कडेची अक्षरं, डोळ्यात भरतील अशी. मी पेपर घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. मी काही बोलायच्या आत फोन वाजला. सरांना फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय आहे.

“डॉक्टर,” अध्यक्षांचा आवाज, “पेपर बगितला का?”

“बगितला साहेब, फोटो लई झकास...”

“फोटो ऱ्हाऊ द्या. माझ्या बाजूला काय लिवलंय ते वाचा.”

सरांनी वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

“साहेब, ते आपलं म्याडमनी तिळाचं...”

“तीळगूळ संक्रांतीला. पोरी हायत का न्हाईत ह्या? आपल्याच ना?”

“हायत साहेब. आपल्याच.”

“आन लागू न्हाई झाली हे खरं का खोटं?”

सरांनी पेपरची घडी घातली. मी म्हणाले, “खरंय साहेब. आजपासून त्या डायलिसिसला जाणार आहेत.”

“जानार म्हंजे? अहो, सकाळपासून धा जनांनी ह्यो फोटो मला पाठवलाय. त्यातले चार विरोधी पॅनलचे. महिन्यावर इलेक्शन आलंय संस्थेचं आन तुमी पोरी तिकडं धाडायलाव? एखादीला काय झालं तं माझा फोटो हाय शेजारी! थांबवा. टोचा, तपासा, मग धाडा. आन डॉक्टर...”

“जी साहेब?”

“तेवढा फ्लेक्स उतरवा.”

मुलींची अध्यक्षांना काळजी होती असं मी म्हणणार नाही. त्यांना फोटोच्या डाव्या बाजूची काळजी होती. पण सही झाली. रेषेखालच्या मुलींची ड्युटी बालरोग वॉर्डाच्या नोंदींकडं वळवली, डोस त्याच आठवड्यात दिले. बोर्डावर नोटीस लागली की सरांच्या दूरदृष्टीमुळं हे पाऊल उचलण्यात आलं आहे. सरांनी ती स्वतः वाचली का, मला माहीत नाही. मला त्यांनी एवढंच सांगितलं, “पुढल्या खेपंला पाय चार्टच करू, म्याडम. त्याच्यात असलं काई निघत न्हाई.”

ते मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

दीड महिन्यानं मी परत प्लेट लावली. किनवटच्या मुलीचा खळगा चांगला पिवळाधमक आला. अहवाल गेला तशी तिची डायलिसिसची राहिलेली ड्युटी लागली. तिलाही निरोप पाठवला, तर ती दिवाळी झाल्यावर उगवली, तोंड फुगवून. चप्पल पायात होती.

“बघ,” मी नवा कागद पुढं केला. “इथं आहेस आता तू.”

तिनं बघितलं. रेषेच्या बरीच पलीकडं गेली होती. तिला आनंद झाला असेल, पण तिनं तो मला दाखवला नाही.

“सगळ्या पोरी घरी गेल्या होत्या दिवाळीला, म्याडम. आम्ही रेषेखालच्याच तेवढ्या राहिलो होस्टेलला, डायलिसिसचे तास भरून राहिलो. आई तिकडं रडून राहिली. तुमच्या ह्या ठिपक्यापायी गेली ना माझी दिवाळी.”

“गेली तर गेली,” मी म्हणाले. “तिथं हातमोजे घालतेस ना?”

“हाव.”

“दोन्ही हातांत?”

“तिथं कधी एकच भेटतो.” मी कपाटातून हातमोज्यांचा डबा काढून तिच्या हातात दिला आणि पुढच्या प्लेटला लागले.